जुन्या मिरर डिंगीचे रंगकाम आणि जोडकाम : एका हंगामाच्या वापरानंतर

गेल्या हिवाळ्यात एक जुनी लाकडी मिरर डिंगी, म्हणजे लहान शिडाची होडी, खरवडून, रंगवून आणि नव्याने जोडून घेतली आणि एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या चिचेस्टर हार्बरमध्ये चालवली. त्या कामापैकी काय टिकले, हे सांगण्याइतका वापर आता झाला आहे.

जॅक होल्ट आणि दूरचित्रवाणीवर घरगुती दुरुस्त्या शिकवणारे बॅरी बकनेल यांनी आखलेली ही ३.३ मीटर लांबीची होडी १९६३ साली ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राच्या पाठबळावर बाजारात आली. प्लायवुडचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवायचे आणि सांध्यांवर राळेत भिजवलेली फायबरग्लासची पट्टी बसवायची, अशी तिची बांधणी असल्यामुळे रंगकाम करणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते : होडीचे सारे बळ त्या पट्ट्यांत आहे. यंत्राने घासताना सांध्यांपाशी हात आवरावा. तेथे मी केवळ हाताने सँडपेपर फिरवला.

रंगासाठी हार्डनर (रंग कठीण करणारे रसायन) मिसळून लावायचा पॉलियुरेथेन न घेता साधा, एका डब्यात येणारा मरीन इनॅमल घेतला, आणि हा निर्णय योग्य ठरला. हार्डनरचा रंग अधिक कठीण असतो हे खरे, परंतु त्यातील द्रावक खालचा जुना रंग उचलतो, आणि पातळ प्लाय लवते तेथे तो कठीण थर तडकण्याची भीती असते. शिवाय त्याची वाफ फुप्फुसांना घातक असल्याने बंद गॅरेजमध्ये तो लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इनॅमलला ओरखडे लवकर पडतात, पण ते अर्ध्या तासात घासून पुन्हा रंगवता येतात. दुपार कलल्यावर मात्र हात देऊ नये. ओल्या रंगावर दव पडले की चकाकी मरते.

सर्वाधिक वेळ मी प्लायच्या कडांना दिला. पाणी पृष्ठभागातून क्वचितच शिरते. ते उघड्या कडेतून आणि स्क्रूच्या भोकांतून शिरते, आणि मग रंगाखाली काळा डाग सरकत जातो. म्हणून प्रत्येक भोक मोठे पाडून एपॉक्सीने (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या राळेने) भरले, वाळल्यावर त्यातच नवे बारीक भोक पाडले आणि क्लीट (दोरी अडकवायचे खुंटे), शिडाच्या दोरीच्या कड्या व सुकाणूच्या बिजागऱ्या सीलंट लावून बसवल्या. सिलिकॉन कटाक्षाने टाळले, कारण त्याचा अंश राहिला तरी तेथे पुढे रंग धरत नाही. हंगामाअखेर मुद्दाम एक क्लीट काढून पाहिले : खालचे लाकूड कोरडे आणि फिकट होते. कोकणात होड्यांना माशाचे तेल चोपडतात त्यामागेही पाणी अडवण्याचाच विचार आहे, पण रंगवायच्या प्लायला तेल लावून चालत नाही.

डेकवरच्या व्हार्निशने मात्र निराशा केली. पाच-सहा हात देऊनही डोलकाठीच्या बुडाशी आणि बसायच्या कडेला ते उन्हाने पिवळसर होऊन पापुद्र्यांसारखे सुटू लागले आहे. देखणेपणासाठी ही मेहनत दरवर्षी करायची तयारी नसेल, तर डेकही रंगवून टाकावे.

तळाला बाहेरून बसवलेल्या लाकडी पट्ट्यांचा रंग गोट्यांच्या उतारावर पहिल्या महिन्यातच गेला. तेथे पितळी पट्टी ठोकण्याला पर्याय नाही. डॅगरबोर्डच्या (होडीतून खाली पाण्यात सरकवायच्या फळीच्या) खाचेत आतून एपॉक्सी फिरवणे किचकट असले तरी टाळू नये, कारण बोर्डाच्या घर्षणाने तेथला रंग हमखास जातो आणि मग फक्त तो एपॉक्सीचा थरच उरतो.

तरंगण्यासाठी ठेवलेल्या हवाबंद कप्प्यांची झाकणे प्रत्येक वेळी होडी पाण्याबाहेर आल्यावर उघडी ठेवावीत. प्लाय कुजते ते खाऱ्या पाण्याने नव्हे, तर साचून राहिलेल्या पावसाच्या पाण्याने आणि कोंडलेल्या दमटपणाने. त्यामुळे रंगावर जितका खर्च केला, त्याच्या निम्मा तरी चांगल्या, उतार देऊन ताणता येईल अशा ताडपत्रीवर करावा.