तवसाळहून रत्नागिरी, फेरीबोटीने: बाळंतपणानंतरच्या फिजिओथेरपीच्या सात भेटी

रत्नागिरीत एक फिजिओथेरपिस्ट मॅडम आहेत, बाळंतपणात दुखावलेल्या बायकांसाठी. सप्टेंबर ते जानेवारी मी त्यांच्याकडे सात वेळा गेले. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. ते लिहिलं की माझं नाव शोधायला कोणाला दहा मिनिटं लागणार नाहीत, आणि आमच्या वाडीच्या अलीकडच्या-पलीकडच्या निम्म्या बायका माझ्याकडे ब्लाऊज शिवायला टाकतात. पत्ता हवा असेल तर आपापल्या आशाताईंना विचारा. मलाही तो तिथूनच मिळाला.

आधी माझं काय झालं ते सांगते, नाहीतर सात भेटी कशासाठी ते कळायचं नाही.

जुलैत मुलगा झाला, पहिलाच, ३ किलो ७०० ग्रॅमचा. अडीच तास कळा देऊन शेवटी डोक्याला व्हॅक्यूमची वाटी लावून काढला. मग मला दुसऱ्या खोलीत नेऊन पाऊण तास टाके घातले. किती टाके, म्हणून विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, "आहेत थोडे." मी शिवणकाम करणारी बाई. "थोडे" हे माप माझ्या धंद्यात चालत नाही, पण त्या दिवशी पुढे विचारायचं त्राण नव्हतं. घरी येताना फाईल मिळाली ती कपाटात बाळाच्या दुपट्यांखाली गेली.

टाके सुकले. दुखणं कमी झालं. पण खोकला आला की परकर ओला. शी आली की आलीच, चूल सोडून पळायचं. आणि वारा तर अजिबात धरता येईना. शेवटची गोष्ट कोणाला सांगणार? सवा महिन्याच्या तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांना खोकल्याचं सांगितलं, बाकीचं जिभेवर आलं आणि गिळलं. ते म्हणाले, होतं असं, हळूहळू जाईल.

मग गणपती आले. घरात माणसं भरलेली, नवरा मुंबईहून आलेला, आरत्या चालू. टाळ-झांजांच्या गोंगाटात काय झालं ते कोणाला कळलं नाही. पण मंत्रपुष्पांजलीला टाळ थांबतात. पुढचं लिहीत नाही. पुतण्या हसला, सासूबाईंनी त्याला दामटलं, आणि मी बाळ रडतंय असं सांगून आत गेले. बाळ झोपलेलं होतं.

गौरी येईपर्यंत मी बाहेर बसलेच नाही. तेव्हा नवऱ्याने फाईल काढून वाचली. शेवटच्या पानावर इंग्रजीत लिहिलं होतं: थर्ड डिग्री. दोन महिने ते कपाटात होतं आणि मला माहीत नव्हतं.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या दोन महिन्यांत मला नेमका प्रश्न विचारणारं एकच माणूस होतं, आणि ती आमची मालीशवाली आजी. सत्तरीची असेल. रोज सकाळी बाळाला आणि मला तेल लावायची, आंघोळ घालायची, ओवा-शेपांची धुरी द्यायची. पाचव्या-सहाव्या दिवशी पाठ चोळता चोळता तिने विचारलं, "काय गो, शी धरता येते ना? अंग भायेर नाय ना येत?" मी म्हटलं, काही त्रास नाही. खोटं. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "आमच्या येळेला सगल्यांचाच यायचा. सांगनार कोनाला? फडका बांधायचा नि इरलं घेऊन लावणीक जायचा."

अंग बाहेर येणं म्हणजे गर्भाशय खाली सरकणं. मला ते झालेलं नव्हतं. पण आजीने विचारलं आणि दवाखान्यात कोणी विचारलं नाही, हे मी विसरलेले नाही.

आता दवाखाना.

आमच्याकडून जायचं तर तवसाळ-जयगड फेरीबोट, मग जयगडहून जाकादेवीवरून एसटी. दिवस जातो. पहिल्यांदा दीर स्कूटरवरून जेट्टीपर्यंत सोडायला आला. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याने मला टाक्यांची आठवण करून दिली. खाडीवर आल्यावर मात्र बोट लोण्यावरून चालावी तशी गेली. तेवढी दहा मिनिटं मी रेलिंगला टेकून उभी होते आणि काही दुखत नव्हतं. शास्त्री नदीवर पूल व्हावा असं सगळे म्हणतात, मीही म्हणायची. या चार महिन्यांत मत जरा डळमळलं.

पहिल्या भेटीचे ८०० रुपये, नंतर दर भेटीचे ५००. पाचशे म्हणजे माझे दोन साधे ब्लाऊज, अस्तराशिवायचे. त्यात प्रवास धरला तर तीन. हा हिशेब मी दर वेळी फेरीवर बसून केला, आणि दर वेळी बरोबर वाटला.

पहिली भेट पूर्ण तासभर चालली. त्यातली अर्धी वेळ नुसते प्रश्न. दिवसातून किती वेळा लघवीला जाता? खोकल्याने थेंब येतो की धार? वारा धरता येतो का? शीची घाई झाली तर किती वेळ थांबू शकता? कपड्याला डाग लागतो का? नवऱ्याजवळ गेलात का, दुखलं का? असं विचारत होत्या जसं मी कोणाला बाही किती, गळा किती विचारते. कुठे आवाज खाली केला नाही, कुठे डोळे चुकवले नाहीत. मी सगळं सांगून टाकलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

मग फाटण्याच्या पायऱ्या कागदावर काढून दाखवल्या. पहिलीत नुसती कातडी. दुसरीत तिच्याखालचा स्नायू. तिसरीत शीची जागा आवळून धरणारा गोल स्नायू. चौथीत आतल्या अस्तरापर्यंत. पहिल्या बाळंतपणात थोडंफार फाटणं बहुतेकींना होतं आणि ते आपोआप किंवा चार टाक्यांत भरून येतं. तिसरी-चौथी थोड्याजणींना होते. मूल मोठं, कळा देणं लांबलेलं, चिमटा किंवा व्हॅक्यूम, हे असलं की शक्यता वाढते. माझ्याकडे तिन्ही होतं.

मी म्हटलं, म्हणजे नेफा शिवलाय पण नाडी सैल राहिली?

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "नाडी पण शिवलीय तुमची, आणि चांगली शिवलीय. ओढायची कशी ते ती विसरलीय."

माझ्या फाईलवर बाळाला वाट व्हावी म्हणून खाली कात्रीने कापल्याचंही होतं. त्याबद्दल मी खोदून विचारलं, कारण कात्री हा माझा विषय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितलंय म्हणे, की ती सरसकट प्रत्येकीला मारू नये, गरज असेल तरच. आणि मारायची तर सरळ खाली नाही, तिरकी, बाजूला. सरळ खाली गेली तर फाट पुढे त्या गोल स्नायूतच शिरते. हे मला कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. सुताच्या रेषेत दिलेली चीर हात लावला की शेवटपर्यंत फाटत जाते, उरेब कापलेली जात नाही. कोणत्याही शिंपिणीला विचारा.

तपासणीबद्दल घाबरणाऱ्यांसाठी लिहिते. आतून तपासतात, हातमोजा घालून, एका बोटाने. आधी विचारतात, "तपासू का? नको वाटलं तर आज नको, पुढच्या वेळी बघू." दार आतून बंद, पडदा, अंगावर चादर. मग म्हणाल्या, वारा अडवायचाय असं समजून मागून आवळा, मग लघवी थांबवतोय तसं पुढून, आणि दोन्ही मिळून वर ओढा. मी जोर लावला. त्या म्हणाल्या, तुम्ही दात आवळताय. खरंच दातच आवळत होते, आणि मांड्या. पाचपैकी एक मार्क मिळाला. दहावीला गणितात बरे होते.

व्यायाम तोच, घरी दिवसातून तीनदा. आवळून पाच आकड्यांपर्यंत धरायचं, सोडायचं, तेवढीच विश्रांती, असं दहा वेळा. मग दहा वेळा झटपट. श्वास कोंडायचा नाही. हळूहळू पाचाचे दहा आकडे करायचे. निदान तीन महिने रोज, मध्ये सोडून चालणार नाही. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं, मग खोकायचं. ही एक युक्ती मला आठवड्याभरात उपयोगी पडली, बाकी सगळ्याला वेळ लागला. लघवी करताना मध्येच थांबवून व्यायाम करायचा नाही, हेही बजावून सांगितलं. मी नेमकं तेच करत होते, मोबाईलवर पाहून.

या व्यायामाला केगल म्हणतात, त्या नावाच्या अमेरिकन डॉक्टरवरून. त्याने तो १९४८ मध्ये मांडला. आमच्या सासूबाईंना वाटतं तो कोल्हापूरकडच्या कागलचा. "कागलचा झाला काय तुझा?" असं रोज दुपारी विचारतात. मी दुरुस्त केलेलं नाही. त्या विचारतात म्हणून माझा दुपारचा कधी चुकला नाही.

सासूबाईंचा आणि मॅडमचा एकदा अप्रत्यक्ष सामना झाला तो पाण्यावरून. आमच्याकडे बाळंतिणीला पाणी बेताने देतात. वर डिंकाचे लाडू, अळीव, मेथी, सगळं गरम. शी इतकी कडक व्हायची की टाके पुन्हा उसवतील अशी भीती वाटे. दवाखान्याने दिलेलं गोड पातळ औषध, लॅक्ट्युलोज, आठवड्यात संपलं आणि आम्ही पुन्हा आणलं नाही. मॅडमनी सांगितलं, कडक नको आणि पातळही नको, पिकल्या केळ्यासारखी हवी. पातळ झाली तर सैल स्नायूला ती धरता येत नाही. मग अळीव राहिले, लाडू दोनाचा एक झाला, रात्री इसबगोल आणि दिवसभर तांब्याभर पाणी शेजारी. कमोडच्या खुर्चीवर बसताना पायाखाली देवघरातला जुना पाट. देवघरातला म्हटल्यावर सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. मग स्वतःच सुताराकडून दुसरा करून आणला.

पोट घट्ट बांधायचं नाही, हे आजीला सांगणं सगळ्यात कठीण गेलं. आवळून बांधलं की दाब खाली जातो, आणि खालीच तर माझं गाडं अडलेलं. शेगडीचा शेकही टाक्यांवर नको, तिथली कातडी अजून बधिर असते, भाजलं तर कळत नाही. कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बसणं चालेल. पाठीची, पायांची मालीश चालू ठेवा म्हणाल्या. आजीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शिकलेली बाय हाय ती, बरोबर बोलत असंल." आजीला मी कधी कोणाचं एवढं मानताना पाहिलं नव्हतं.

ऑनलाइन मागवलेल्या हवेच्या गोल उशीबद्दलही लिहिते, कारण तुमच्यापैकी निम्म्या जणी ती घेणार. ४५० रुपये पाण्यात. मधे भोक असल्याने खालचा भाग लोंबकळतो आणि ताण येतो. मी कुशीवर झोपून पाजायला शिकले, आणि मशीनवर बसायला जुन्या गादीचा स्पंज मागून कापून घोड्याच्या नालासारखा केला. शिलाई मशीनचा पायटा चालवायला मात्र नोव्हेंबर उजाडला. दिवाळीचे ब्लाऊज सगळे दुसरीकडे गेले. त्याचा हिशेब मी कुठे लावू?

आता तक्रारी. दवाखाना पहिल्या मजल्यावर, जिना उभा, कठडा एकाच बाजूला. लिफ्ट नाही. आणि संडास तळमजल्यावर! लघवी-शी न धरता येणाऱ्या बायकांच्या दवाखान्यात संडास खाली, हे ज्याने बांधलं त्याला नमस्कार. बाहेर गुडघेवाले आजोबा आणि आम्ही एकाच बाकावर, आणि काउंटरवरची मुलगी मोठ्याने पुकारते, "डिलिव्हरीवाल्या ताई!" तिसऱ्या भेटीत मी मॅडमना बोलले, चौथ्या भेटीपासून नुसतं नाव. व्यायामाचा कागद छापील इंग्रजीत. मॅडमनी मागच्या बाजूला हाताने मराठीत लिहून दिला, पण त्यांचं अक्षर डॉक्टरी आहे. बायकांसाठी मंगळवार-शुक्रवार दोनच दिवस, आणि फोन एका फटक्यात उचलला तर तुमचं नशीब. बाळाला पाजायला वेगळी जागा नाही. मॅडम आपली केबिन देतात.

जानेवारीत पाचपैकी चार मार्क होते. वारा बहुतेक वेळा धरता येतो. घाई झाली तर मांडवाखालून संडासापर्यंत चालत जाते, पळत नाही. खोकल्याला काही होत नाही. सर्दीच्या लागोपाठ चार-पाच शिंका आल्या तर मात्र अजून भरवसा नाही. नवऱ्याजवळ जायला भीती होती. टाक्यांच्या जागी तेलाचं बोट लावून रोज हळूच चोळायला शिकवलं होतं, त्याने ती जागा मऊ झाली, दुखणं बरंच गेलं. पुढच्या बाळंतपणाच्या वेळी पहिल्याच तपासणीला ही फाईल दाखवायची, तेव्हा त्या स्नायूची सोनोग्राफी आणि सिझर करायचं की नाही याचा विचार डॉक्टर करतील. फाईल आता दुपट्यांखाली नाही, रेशनकार्डाच्या पिशवीत आहे.

पाचपैकी चार तारे. पाचवा जिन्याने खाल्ला.

शिमग्याच्या आधी आजी ब्लाऊज टाकायला आली होती. माप घेताना म्हणाली, "तुझी ती बाय म्हाताऱ्यांना बगते काय गो?" तीस वर्षं झाली म्हणाली, चौथ्या पोराच्या वेळेपासून. मी फोन केला, तिसऱ्यांदा उचलला. मॅडम म्हणाल्या, आणा, आधी बघू, त्यांच्या वयाला अंग वर धरणारी रिंग आत बसवूनही आराम पडतो, ते डॉक्टरांकडून करून घेऊ. शुक्रवारची वेळ मिळाली आहे. सकाळच्या फेरीने जाणार, मुलाला सासूबाई ठेवून घेतायत. आजी तो जिना कशी चढणार, तेवढंच अजून सुचलेलं नाही.