‘कप्पा’ सोडून आठ महिने: वेगळ्या मापांचे दोन नकाशे ताडताना

दांडिया बाजारातल्या घरी माझ्या तोंडी सतत ‘कप्पा’ ऐकून आईला वाटायचं, मी कपाट आवरतेय. हा कप्पा कोहेनचा, 1960चा: दोन वर्गीकृत नकाशे (कुठे शेत, कुठे झाडी, कुठे पाणी ते वर्ग पाडून दाखवणारे) योगायोग वजा जाता किती जुळतात, ते सांगणारा एकच आकडा. काम देणाऱ्यांना तो फार आवडतो. मी सोडला.

काम असं: वडोदऱ्याचे 2020चे दोन नकाशे ताडायचे. दोन्ही युरोपीय, उपग्रहांवरून केलेले. एक वर्ल्डकव्हर, 10 मीटरचा, म्हणजे त्याचा प्रत्येक चौकोन 10 बाय 10 मीटरचा. दुसरा सीसीआय मालिकेतला, 300 मीटरचा. पहिल्याच आठवड्यात फजिती. माप बदलताना ‘बायलिनियर’ निवडलं, म्हणजे शेजारच्या चौकोनांची सरासरी काढणारी पद्धत. वर्ल्डकव्हरमध्ये झाडीच्या वर्गाचा क्रमांक 10 आणि गवताचा 30, सरासरी 20. आणि 20 म्हणजे झुडुपं! कमाटीबागेच्या कडेला रातोरात झुडुपं उगवली.

मग बहुमत लावलं: मोठ्या चौकोनात जो वर्ग सर्वांत जास्त, तोच त्याचा. त्यात विश्वामित्री नदी गेली. तिच्या अरुंद पात्राला 9 हेक्टरच्या चौकोनात बहुमत कुठून मिळणार?

टिकली ती वाट्याची पद्धत. प्रत्येक चौकोनात कुठल्या वर्गाचा किती वाटा ते काढायचं, चौकोन टप्प्याटप्प्याने मोठे करायचे आणि दर टप्प्याला फरक दोन भागांत मोजायचा: प्रमाणाचा (कुठला वर्ग एकूण किती) आणि जागेचा (तो कुठे). ही फोड पॉन्टियस आणि मिलोनेस यांनी 2011 मध्ये कप्प्याला पर्याय म्हणून मांडली. बुद्धिबळाचा एक पट ठेवा, दुसरा पाव फेरी फिरवून त्यावर. घर न् घर पाहिलं तर एकही जुळत नाही, कप्पा थेट उणे 1. चार-चार घरांचे गट करा. दोन्हीकडे अर्धं काळं, अर्धं पांढरं, फरक शून्य! जागेचा फरक असा विरत जातो. प्रमाणाचा मात्र कुठल्याही मापाला तेवढाच राहतो, आणि मला तोच हवा होता.

कुरबुरी आहेत. दोन्ही जाळ्या नीट बसत नाहीत. सीसीआयच्या एका बाजूत वर्ल्डकव्हरचे 33 आणि वर एक तृतीयांश चौकोन येतात. ग्रास या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधल्या ‘आर.रिसॅम्प.स्टॅट्स’ या माप बदलणाऱ्या साधनाला ‘डब्ल्यू’ची खूण दिली की ते क्षेत्रफळाप्रमाणे वजन देतं, पण वेळ खातं. मी रात्री लावून झोपते.

खरी डोकेदुखी वर्गांची. सीसीआयमध्ये शेत आणि नैसर्गिक झाडझाडोरा यांचा मिश्र वर्ग आहे, वर्ल्डकव्हरमध्ये नाही. तो कुठे टाकायचा, हे कुठलीच पद्धत सांगत नाही. सध्या सगळं दोनदा चालवते: एकदा शेत धरून, एकदा झाडी धरून. दोन्ही निकाल शेजारीशेजारी देते. परवा काम देणाऱ्यांनी पुन्हा विचारलंच, “ताई, यातला खरा आकडा कुठला?”