केंद्राची शिष्यवृत्ती की ट्रस्टची? टिकवायची कशी ते आधी बघा

बारावीचा निकाल लागला की आमच्या नवी मुंबईतल्या दिघ्यातली दोन-तीन मुलं दरवर्षी विचारायला येतात, केंद्र सरकारची शिष्यवृत्ती (सेंट्रल सेक्टर स्कीम) घेऊ की खाजगी ट्रस्टची? दोन्ही एकदम घेता येत नाहीत, कारण केंद्राच्या योजनेत दुसरी शिष्यवृत्ती किंवा फी-माफी चालत नाही. मी बीएस्सीच्या तीन वर्षांत दोन्ही घेतल्या, एक सुटल्यावर दुसरी. म्हणून मिळते कशी यापेक्षा टिकते कशी, यावरच बोलतो.

महाडीबीटीवरच्या, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या, राजर्षी शाहू योजनेचं आधी उरकतो. इंजिनिअरिंगला कॅप राउंडमधून (सरकारी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) लागला असाल तर फार विचार न करता तीच घ्या. निम्मी ट्यूशन फी सुटते (पात्र मुलींची 2024-25 पासून पूर्ण) आणि हजेरीची अट 50 टक्क्यांची आहे. पण अनुदानित कॉलेजात साध्या बीएस्सीची ट्यूशन फी मुळातच इतकी कमी, की तिच्यातली निम्मी सुटून घरी फारसा फरक पडत नाही. आपला खर्च रेल्वेच्या पासावर, जर्नलांवर, पुस्तकांवर होतो. त्याला रोख पैसे लागतात.

केंद्राचे पैसे पदवीची तीन वर्षं, वर्षाला 12,000, आधार जोडलेल्या खात्यात थेट येतात. परत करायचे नसतात. बारावीला 80 पर्सेंटाइलच्या वर, म्हणजे बोर्डात आपल्या शाखेच्या वरच्या 20 टक्के मुलांत असाल आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर अर्ज जरूर भरा. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला 50 टक्के गुण आणि 75 टक्के हजेरी लागते. हे वाचलं तेव्हा मला गुणांचीच धास्ती होती. हजेरीचं काय, रोज तर जातोच, असं वाटलं होतं.

2022 च्या सप्टेंबरात मला टायफॉइड झाला. तीन आठवडे घरी होतो. तेव्हा दिघा गाव स्टेशन सुरू झालेलं नव्हतं, ते 2024 च्या जानेवारीत झालं. शेअर रिक्षाने ऐरोलीला जायचं आणि तिथून वाशीची गाडी पकडायची. बरा झाल्यावरही पहिले काही दिवस तेवढं अंगात नव्हतं, म्हणून सकाळचं पहिलं लेक्चर बुडायचं. वर्षाअखेर गुण 68 टक्के पडले. नूतनीकरणाच्या वेळी ऑफिसात हजेरी काढली तर ती 71 टक्के.

चार टक्क्यांनी गेली याचं दुःख आहेच, पण मला जास्त लागलं ते वेगळंच. आमच्या कॉलेजात हजेरी दिवसांवर नाही, तासांवर मोजत होते. एक प्रॅक्टिकल बुडलं की तीन लेक्चर बुडाल्यासारखं. आजारपणात माझी केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स ओळीने गेली होती. हे मला वर्षभर कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ऑक्टोबरात कळलं असतं तर मार्चपर्यंत ते चार टक्के मी नक्की भरून काढले असते. डॉक्टरांचं सर्टिफिकेट नेलं होतं. खिडकीतल्या मॅडमनी ते शांतपणे वाचलं आणि म्हणाल्या, "बाळा, फॉर्ममध्ये आकडा भरायचा आहे. हे मी कुठे लिहू?" त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. त्यांच्यासमोर खरंच तेवढीच एक चौकट होती.

ट्रस्ट ठाण्यातला, नौपाड्यात पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचा. तिथून वर्षाला 15,000 मिळाले, निम्मे बक्षीस आणि निम्मे बिनव्याजी कर्जाऊ, नोकरी लागल्यावर फेडायचे. दर सत्राला गुणपत्रिका घेऊन रविवारी जायचं, सोबत आई किंवा वडील हवेत. एक केटी (नापास होऊन राहिलेला विषय) चालते, पण पुढच्याच परीक्षेत सुटायला हवी. हजेरीसाठी विभागप्रमुखांचं पत्र पुरतं, टक्का लागत नाही.

ही वाटसुद्धा सोपी नाही. बाबा रिक्षा चालवतात. रविवारचा अर्धा दिवस म्हणजे त्यांचा धंदा बुडतो. विश्वस्त आजोबा बारीकसारीक विचारतात, घरात टीव्ही कधी घेतला इथपर्यंत. पहिल्या वेळी आईला ते फार लागलं, जिना उतरताना ती काहीच बोलली नाही. ज्यांना असं विचारलेलं सहन होत नाही त्यांनी केंद्राचीच घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. तिथे घरचं कुणी काढत नाही.

पण चौथ्या सत्रात माझी फिजिक्सची केटी लागली तेव्हा त्याच आजोबांनी गुणपत्रिका टेबलावर पसरून विचारलं, "इलेक्ट्रॉनिक्सला 70 आणि इथे 28, असं कसं?" मी सांगितलं की त्या महिन्यात आजी गेली, आम्ही गावी होतो. त्यांनी वहीत दोन ओळी लिहिल्या आणि पुढच्या परीक्षेची तारीख विचारली. पैसे थांबले नाहीत. केटी सुटली.

तुमचं कॉलेज घराजवळ असेल, तब्येत ठणठणीत असेल आणि प्रॅक्टिकलचा विषय नसेल, तर केंद्राचे 36,000 सोडू नका असंच मी म्हणेन. फेडायचं काही नाही, ही लहान गोष्ट नाही. पण सायन्सला असाल, दोन वाहनं बदलून जात असाल, घरात आजारपण असेल, तर मला ट्रस्ट बरा वाटतो. माझ्या धाकट्या बहिणीला मी तिकडेच नेलं. तिचा अनुभव माझ्यासारखाच असेल असं नाही, ती माझ्यापेक्षा नियमित आहे.

केंद्राची घेतलीत तर एक नक्की करा. पहिल्याच महिन्यात ऑफिसात विचारा, हजेरी दिवसांवर मोजता की तासांवर, आणि प्रॅक्टिकल किती तासांचं धरता. मग दर महिन्याला आपला आकडा वहीत लिहून ठेवा. बहिणीच्या वहीत मी जुलैपासूनचे रकाने आखून दिलेत, तिला ट्रस्टची असूनही.