बोर्ड गेलाय म्हणाले आणि निघाली नळी चोक: वॉशिंग मशीन रिपेअरचा माझा अनुभव

आधीच सांगते, हा रिव्ह्यू मशीनचा नाही, मशीन रिपेअर करून गेलेल्या मेकॅनिकचा आहे. त्यांचं नाव-नंबर इथे टाकत नाहीये, पण त्यांनी काम कसं केलं ते सविस्तर लिहितेय, म्हणजे तुमच्याकडे कोणी आलं तर तो माणूस नीट काम करतोय की नाही हे तुम्हाला शेजारी उभं राहून कळेल.

आमचं मशीन फ्रंट लोड, सात वर्षं झाली. एक दिवस कपडे धुऊन झाले पण पाणी ड्रममध्ये तसंच, स्पिन नाही, दार उघडत नाही आणि डिस्प्लेवर ड्रेनचा एरर. हा कोड प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, एलजीत ओई दिसतो, सॅमसंगमध्ये 5ई किंवा 5सी, अर्थ एकच की पाणी बाहेर जात नाहीये. पहिल्यांदा ज्या सर्व्हिसवाल्यांना बोलावलं त्यांचा माणूस आला, मशीन चालू केलं, कोड बघितला, दहा मिनिटांत म्हणाला मॅडम बोर्ड (म्हणजे मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) गेलाय, बोर्ड बदलायचा की नवीन मशीन घ्यायचं ते तुम्ही ठरवा. एकही स्क्रू उघडला नाही त्याने. मला तेव्हाच खटकलं होतं, पण आपल्याला त्यातलं काय कळतंय म्हणून गप्प बसले, आणि दोन दिवस घरात सगळे नवीन मशीनच बघत होते.

मग मैत्रिणीने या काकांचा नंबर दिला. यायला दोन दिवस लावले, फोन तिसऱ्यांदा केला तेव्हा उचलला, हे मला अजिबात आवडलं नाही आणि याचे मार्क मी कापणारच. पण आल्यावर पहिला प्रश्न काय विचारला तर "फिल्टर शेवटचा कधी काढला होता?" आणि सात वर्षांत आम्ही तो एकदाही काढला नव्हता, मशीनला खाली असा फिल्टर असतो हेच घरात कोणाला माहीत नव्हतं. पुढच्या बाजूला खाली कोपऱ्यात छोटं झाकण असतं बघा, त्याच्या आत. काकांनी प्लग काढला, खाली पसरट ट्रे ठेवला, झाकणाच्या आतली बारीक नळी बाहेर ओढून आधी पाणी काढलं आणि मगच फिल्टर हळूहळू फिरवला, थेट फिरवला असता तर सगळं पाणी फरशीवर आलं असतं. गरम पाण्यात धुतलं असेल तर पाणी निवेपर्यंत थांबायचं हेही त्यांनी बजावून सांगितलं. आतून काय काय निघालं! हेअरपिन, शर्टाची दोन बटणं, एक नाणं, केसांचा हा एवढा गुंता. आणि पंपाच्या पंख्याला ब्राची तार अडकलेली, त्यामुळे पंप नुसता गुणगुणत होता, पंखा फिरतच नव्हता. पंप चांगला होता, बदलायची गरजच नाही म्हणाले.

पाणी जायला लागलं पण स्पिन तरी होईना. इथे दुसरा कोणी असता तर म्हणाला असता बघा, बोर्डच गेलाय. काकांनी वरचं झाकण काढलं आणि मला बोलावून एक बारीक नळी दाखवली. ही नळी टबच्या (म्हणजे ड्रमच्या बाहेरच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्याच्या) तळाशी असलेल्या छोट्या एअर चेंबरपासून वर प्रेशर सेन्सरपर्यंत जाते, टबमध्ये पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते आणि त्या दाबावरून मशीनला कळतं की आत पाणी किती आहे. आमच्या चेंबरच्या तोंडाशी पावडर आणि सॉफ्टनरचा करडा चिखल बसला होता, त्यामुळे दाबलेली हवा तिथेच कोंडून राहिली, टब रिकामा झाला तरी मशीनला वाटत होतं आत अजून पाणी आहे, आणि पाणी असताना ते जोरात स्पिन घेतच नाही. म्हणजे बोर्ड बिचारा त्याचं काम बरोबर करत होता, त्याला खबरच चुकीची मिळत होती. नळी साफ करताना त्यांनी आधी ती सेन्सरच्या टोकाकडून सुटी केली आणि मग फुंकर मारली, तशीच फुंकली तर सेन्सर खराब होऊ शकतो. चेंबर गरम पाण्याने धुतला, परत जोडला, मशीन लावलं आणि स्पिन सुरू. मला खरंच डोळ्यात पाणी आलं, दोन दिवस हाताने चादरी पिळल्या होत्या मी.

मला त्यांचं सगळ्यात जास्त आवडलं ते याच्या पुढचं. चेंबरसाठी मागचं कव्हर उघडलंच आहे तर म्हणून बेल्ट बघितला, मोटरचे कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे) काढून किती झिजलेत ते दाखवले (इन्व्हर्टर मोटरवाल्या मशीनला ब्रश नसतात, त्यामुळे कोणी तिथे ब्रश बदलायला सांगितलं तर सावध व्हा). मग प्लग बंद असताना रिकामा ड्रम हाताने फिरवून मला कान लावायला सांगितलं, थोडी घरघर होती. बेअरिंग (ड्रम ज्याच्यावर फिरतो ते) खराब व्हायची सुरुवात आहे म्हणाले, पण टबच्या मागे गंजाचा ओघळ नाही म्हणजे बेअरिंगपर्यंत पाणी जाऊ न देणारं सील अजून धरून आहे, आत्ता हात लावू नका, स्पिनचा आवाज मोठा झाला की फोन करा. बेअरिंगचं काम त्यांना सहज गळ्यात मारता आलं असतं, नाही मारलं. शिवाय सांगितलं की बऱ्याच मशीनचा टब सीलबंद येतो, तो उघडत नाही, तेव्हा नुसती बेअरिंग बदलता येत नाही, आख्खा टब घ्यावा लागतो, त्यामुळे तसं काम काढायच्या आधी आपला टब कुठला आहे ते विचारायचं.

चिखल का झाला तर आम्ही पावडर भरमसाठ टाकत होतो आणि कायम थंड पाण्यात धूत होतो. फ्रंट लोडमध्ये पाणी कमी असतं, जास्त पावडर विरघळत नाही, ती सॉफ्टनरबरोबर आत थर धरते, मग त्याला वास येतो आणि गॅस्केटवर (दाराभोवतीच्या रबरावर) काळी बुरशी धरते. आता कमी फेसाची पावडर, तीही मोजून, महिन्यातून एकदा रिकामं मशीन 60 किंवा 90 डिग्रीवर, गॅस्केटची घडी उलटी करून पुसते, धुणं झाल्यावर दार आणि पावडरचा कप्पा उघडा. घरात लहान मूल असेल तर मात्र उघड्या दारावर लक्ष ठेवा. मागे पाण्याचा पाइप जोडतो तिथे बारीक जाळी असते, तीही नळ बंद करून काढून धुवा, पाणी हळू भरण्याचं कारण बऱ्याचदा तीच असते.

एका गोष्टीत माझं काकांशी पटलं नाही. जाताना त्यांनी डिस्केलिंगच्या, म्हणजे क्षाराचा थर काढायच्या पावडरची पाकिटं दिली आणि दर महिन्याला टाका म्हणाले. पाणी क्षाराचं असेल तर ठीक आहे, हीटरवर थर बसतो आणि तो काढायलाच हवा, पण आमचा हीटर त्यांनीच दाखवला होता, जवळजवळ स्वच्छ होता, मग दर महिन्याला कशाला? मी एकच पाकीट घेतलं. आणि हे नीट लक्षात ठेवा, डिस्केलर किंवा सायट्रिक ॲसिड कधीही ब्लीचबरोबर टाकू नका, विषारी क्लोरीन गॅस तयार होतो, दोन्ही वापरायचं असेल तर वेगवेगळ्या दिवशी आणि मध्ये एकदा नुसत्या पाण्याची फेरी.

बिल मागितल्यावर दिलं, आपणहून नाही. मागच्या पॅनलचा एक स्क्रू लावायचा राहिला, पॅनल खडखडायला लागल्यावर कळलं, फोन केला तर दुसऱ्या दिवशी येऊन लावून गेले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

आठ महिने झाले, मशीन व्यवस्थित चालू आहे, घरघर तेवढीच आहे, वाढलेली नाही. फिल्टर मी दर महिन्याला काढते, परवा त्यात परत एक हेअरपिन निघाली. पाचपैकी चार स्टार, एक कापला तो फोन न उचलण्याचा आणि बिल मागायला लागलं त्याचा. तुम्ही कोणालाही बोलावणार असाल तर दार उघडल्यावर आतल्या कडेला मॉडेल नंबरचा स्टिकर असतो, त्याचा फोटो आणि एरर कोडचा फोटो आधीच पाठवून ठेवा, आणि जो पार्ट बदलला तो जुना पार्ट तुमच्या हातात मागून घ्या.