नातवाचा बेसबॉल की नातीचा सॉफ्टबॉल?

साताऱ्यातील आमच्या शेजारच्या काकूंचा नातू शालेय बेसबॉल खेळतो आणि नात सॉफ्टबॉल. दोन्ही सामने एकाच सकाळी आल्याने कोणता पाहावा, असे त्यांनी मला विचारले.

खर्चाचा प्रश्नच नाही. वेळेचे म्हणाल, तर पूर्ण बेसबॉल सामना 9 इनिंगचा आणि सॉफ्टबॉल 7 इनिंगचा असतो. लहान वयोगटांत दोन्ही आटोपशीर होतात. सॉफ्टबॉलमध्ये दोन बेसमधील (धाव काढताना क्रमाने गाठायच्या ठिकाणांमधील) अंतर 60 फूट, बेसबॉलमध्ये 90 फूट. शिवाय सॉफ्टबॉलचा चेंडू मोठा असल्याने काठावरून खेळ अधिक स्पष्ट दिसतो.

बेसबॉलची खरी गोडी मात्र चेंडू सुटण्यापूर्वीच्या क्षणांत आहे: धावपटू बेस सोडून चार पावले पुढे सरकतो, पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, मान वळवून त्याच्यावर नजर ठेवतो, आणि धावपटू पुढचा बेस चोरणार (फटका बसण्याची वाट न पाहता धावत गाठणार) की बाद होणार, या उत्कंठेने मला जागेवर बसवत नाही. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत बेस सोडता येत नाही, त्यामुळे हा ताण तेथे नाही.

नियम नवखे असतील किंवा सोबत लहान मुले असतील, तर सॉफ्टबॉल सोयीचा. डावपेच न्याहाळण्याची सवड आणि आवड असणाऱ्याने बेसबॉल पाहावा. काकूंना मी यंदा नातीच्या सामन्याला जाण्यास सुचवले आहे.