सिस्टीममध्ये थेट लिहायचं की मॉड्यूल लावायचं? रूट केलेल्या फोनसाठी तुलना

फोन रूट झालाय, म्हणजे सिस्टीमवर पूर्ण ताबा मिळालाय, रूट फाइल मॅनेजरला परवानगीही दिलीय, तरी सिस्टीममधल्या फॉन्ट्स फोल्डरात फाइल टाकायला गेलं की 'रीड-ओन्ली फाइल सिस्टीम' म्हणून नकार येतो. कोल्हापुरात ओळखीच्यांकडून मला विचारणा येते ती बहुतेक याच टप्प्यावर. "भावा, रूट हाय, तरी पेस्टच हुईना," असा निरोप आला की पुढचं बोलणं साधारण ठरलेलं असतं. कुणाला जाहिराती अडवायला होस्ट्स फाइल (कोणतं साइट कुठल्या पत्त्यावर जातं त्याची यादी) बदलायची असते, कुणाला दुकानाचं नाव बूट अ‍ॅनिमेशनमध्ये हवं असतं. राजारामपुरीत लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं काम करणाऱ्या माझ्या मित्राला फॉन्ट बदलायचा होता. त्याच्या फोनची भाषा इंग्रजी, त्यामुळे मराठी मजकुरातही ल आणि श हिंदी वळणाचे दिसायचे, आणि दिवसभर अक्षरांत काम करणाऱ्या माणसाला ते खुपतंच.

रस्ते ढोबळमानाने दोन. एक, सिस्टीमचं पार्टिशन, म्हणजे स्टोरेजमधला तिचा राखीव भाग, रीड-राइट (लिहिण्याजोगं) करून तिथेच लिहायचं. दुसरा, मूळ पार्टिशनला हात न लावता मॅजिस्क या रूट देणाऱ्या साधनाच्या मॉड्यूलमधून (बदललेल्या फाइलींच्या गठ्ठ्यातून) वरून फाइल बसवायची. तिसरा ओव्हरलेचा, म्हणजे मूळ फोल्डरावर बदलांचा थर चढवण्याचा आहे, पण तो दुसऱ्याचाच भाऊबंद. मी दोन्ही मुख्य रस्ते वापरलेत आणि आज माझ्या रोजच्या फोनवर मॉड्यूल आहे. तुमचं काम वेगळं असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकतं, म्हणून दोन्हींचं बरंवाईट मांडतो.

आधी नकार नेमका कुठून येतोय ते बघा, कारण बाहेरून दिसणारी ओळ एकच असली तरी कारणं निरनिराळी असतात. टर्मिनलमध्ये माउंटची (कोणतं पार्टिशन कुठे जोडलंय त्याची) यादी काढा आणि सिस्टीमच्या ओळीत कोणती फाइल सिस्टीम लिहिलीय ते वाचा. तिथे ईआरओएफएस असेल तर रीमाउंटचा, म्हणजे लिहिण्याजोगं करून पुन्हा जोडण्याचा, विषय तिथेच संपला. ही फाइल सिस्टीम मुळातच फक्त वाचण्यासाठी बनवलेली आहे, तिच्यात लिहिण्याची सोयच नाही. हुआवे कंपनीच्या लोकांनी ती तयार केली, 2018 मध्ये ती लिनक्स कर्नलच्या (सिस्टीमच्या गाभ्याच्या) 4.19 आवृत्तीत प्रायोगिक विभागात आली, आणि आता अनेक नव्या फोनांत सिस्टीमसाठी तीच असते.

ईएक्सटी4, म्हणजे लिहिता येणारी फाइल सिस्टीम, असेल तरी लगेच खूश होऊ नका. अँड्रॉइड 10 पासून 'सिस्टीम' या नावाने रीमाउंट करायला गेलं तर माउंटच्या यादीत ते नावच सापडत नाही, कारण सिस्टीम थेट मुळाशी, म्हणजे नुसत्या तिरक्या रेघेवर, माउंट झालेली असते. जुन्या मार्गदर्शकांतली कमांड म्हणून चालत नाही. त्या तिरक्या रेघेच्या पत्त्यावर रीमाउंट केलं आणि तरीही 'डिव्हाइस रीड-ओन्ली आहे' असं आलं, तर कर्नलचा लॉग उघडा. तिथे 'अनसपोर्टेड ऑप्शनल फीचर्स' आणि कंसात 4000 असा आकडा दिसला, तर बनवणाऱ्याने जागा वाचवायला सारखे ब्लॉक (साठवणीचे छोटे तुकडे) सामायिक ठेवलेत असं समजा. एकाच ब्लॉकवर दोन फाइली उभ्या असताना त्यातली एक बदलायला कर्नल परवानगी देत नाही, आणि ते बरोबरच आहे. या सगळ्याच्या वर डीएम-व्हेरिटी ही पडताळणी बसलेली असते. तिच्याकडे प्रत्येक ब्लॉकचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) असतो, त्यामुळे एक ब्लॉक बदलला तरी तो वाचताना चूक येते.

आणखी एक प्रकार असतो, आणि त्यात चांगली चांगली माणसं अडकतात. टर्मिनलमध्ये माउंट केलेलं फाइल मॅनेजरमध्ये दिसतच नाही. तिथे पार्टिशनचा काही दोष नाही. अ‍ॅपला मिळालेला रूट स्वतःच्या वेगळ्या माउंट नेमस्पेसमध्ये, म्हणजे माउंटच्या स्वतंत्र यादीत चालतो, आणि केलेला बदल त्याच्यापुरताच राहतो. मॅजिस्कच्या सेटिंगमध्ये नेमस्पेस 'ग्लोबल' केली, किंवा एसयू ही रूट घेण्याची कमांड चालवताना माउंट-मास्टरचा पर्याय दिला, की हा घोळ मिटतो. निम्म्या तक्रारी माझ्या अनुभवात इथेच सुटतात, पुढच्या खटाटोपाची गरजच पडत नाही.

आता थेट लिहिण्याबद्दल. यात समाधान आहे, हे मी मान्य करतो. फाइल जिथे असायला हवी तिथेच खरोखर बसते, मध्ये कुठला थर नाही. ईएक्सटी4 वर करायचं तर फास्टबूटमधून (संगणकावरून पार्टिशन लिहायची सोय) व्हेरिटी आणि व्हेरिफिकेशन बंद करणारे पर्याय देऊन व्हीबीमेटा (पडताळणीच्या नोंदींचं पार्टिशन) फ्लॅश करा, मग रिकव्हरीतून ई2एफएससीके या फाइल सिस्टीम तपासणाऱ्या साधनाच्या अनशेअर-ब्लॉक्स पर्यायाने सामायिक ब्लॉक सुटे करा. ब्लॉक सुटे व्हायला मोकळी जागा लागते, आणि ती नसते. लॉजिकल पार्टिशन आतल्या मालाच्या मापानेच कापलेलं असतं. म्हणून आधी सुपरमध्ये (ही लॉजिकल पार्टिशन ज्या मोठ्या पार्टिशनात असतात त्यात) जागा शोधून पार्टिशन मोठं करा, मग रीसाइज, मग अनशेअर. नव्या फोनांत अपडेटच्या स्नॅपशॉटलाही सुपरमधली हीच मोकळी जागा लागते, हे विसरू नका. ईआरओएफएस असेल तर अख्खी इमेज सोडवून ईएक्सटी4 मध्ये पुन्हा बांधायची आणि फास्टबूटडीमधून परत चढवायची. जमतं, पण रविवार त्यात जातो. आणि एकदा सिस्टीम बदलली की बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्रॅम) पुन्हा लॉक करायचा विचारही करू नका, फोन बूटच होणार नाही.

फालतू अ‍ॅप काढून जागा मोकळी करायची म्हणून कुणी या वाटेने निघाला असेल तर त्याला मी तिथेच थांबवतो. सिस्टीम पार्टिशनमधून काही काढलं तरी ती जागा तुमच्या फोटो-व्हिडिओंना मिळत नाही, ती सिस्टीमच्याच हद्दीत पडून राहते. नकोशी अ‍ॅप आपल्या यूजरपुरती काढायला एडीबी (संगणकावरून फोनला कमांड द्यायचं साधन) पुरेसं आहे, त्याला रूटही लागत नाही.

माझा कल ज्या गोष्टीने ठरला ती अपडेटची. एका ईएक्सटी4 फोनवर वरचं सगळं सोपस्कार करून मी सिस्टीम रीड-राइट केली होती. फाइल मॅनेजर उघडून फक्त फोल्डर पाहिले, एकही फाइल बदलली नाही, फोन पुन्हा सुरू केला. पुढच्या महिन्याचा सुरक्षा पॅच आला, डाउनलोड झाला, पट्टी थोडी पुढे सरकली आणि 'इन्स्टॉलेशन फेल्ड' म्हणून थांबली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. आता काहीच लिहिलं नव्हतं तर बिघडलं काय? तर अनशेअर करतानाच ब्लॉक बदललेले असतात, आणि ते सोडलं तरी ईएक्सटी4 रीड-राइट माउंट झाली की शेवटचं माउंट कधी झालं, किती वेळा झालं, अशा नोंदी कर्नल सुपरब्लॉकमध्ये आपणहून करतो. तुम्ही बोटही लावलं नाही तरी पार्टिशनच्या सुरुवातीचे काही बाइट बदललेले असतात. अँड्रॉइड 5 पासूनचं अपडेट फाइलींच्या पातळीवर चालत नाही, ब्लॉकच्या पातळीवर चालतं. छोटं, फरकाचं अपडेट आधीच्या ब्लॉकांचा हॅश मोजून बघतं, आणि जुळला नाही तर पुढे जायलाच तयार होत नाही. त्याचं म्हणणं योग्य आहे. ज्या पायावर फरक बसवायचा तो पायाच वेगळा असेल तर त्याने काय करावं?

मग उरतं काय, तर पूर्ण रॉम, म्हणजे फोनची अख्खी सिस्टीम. काही जीबीची फाइल उतरवा, सगळं चढवा, आणि त्यात तुम्ही सिस्टीममध्ये लिहिलेलं सगळं पुसलं जातं. फॉन्ट गेला, होस्ट्स गेली, बूट अ‍ॅनिमेशन गेलं. पुन्हा व्हीबीमेटा, पुन्हा अनशेअर. ज्या फोनवर यूपीआय चालतं, सात-बारा आणि आधारच्या पीडीएफ पडलेल्या असतात, त्या फोनचे सुरक्षा पॅच मी एका फॉन्टपायी अडवून ठेवायला तयार नाही. कुणाला हा त्रास किरकोळ वाटेल, आणि ज्याच्या फोनला अपडेट येणंच बंद झालंय त्याला तो खरंच किरकोळ आहे. मला मात्र दर महिन्याला तो नको होता.

मॉड्यूलकडे मी वळलो ते यामुळे. मॅजिस्क जॉन वू यांनी 2016 मध्ये आणलं, आणि त्याची मूळ कल्पनाच सिस्टीमला न शिवण्याची आहे. बदल होतो तो बूट इमेजमध्ये. तुमच्या फाइली डेटा पार्टिशनमधल्या एडीबी फोल्डरात, मॉड्यूल्सच्या आत राहतात, आणि फोन सुरू होताना त्या मूळ फाइलींवर बाइंड माउंट होतात. छापलेल्या पानावर ट्रेसिंग पेपर ठेवून दुरुस्ती करावी तसं. खालचं पान जसंच्या तसं.

मित्रासाठी केलेलं फॉन्टचं मॉड्यूल सांगतो, म्हणजे काम किती आहे याचा अंदाज येईल. मॉड्यूल्समध्ये एक फोल्डर केलं. त्यात 'सिस्टीम' नावाचं फोल्डर, त्यात 'फॉन्ट्स', आणि त्यात गूगल फॉन्ट्सवरचा टिरो देवनागरी मराठी. पण फाइलीचं नाव त्या फोनमधल्या नोटो सान्स देवनागरीच्या फाइलीचंच ठेवलं, अगदी तंतोतंत, कारण माउंट नावावर होतं. बाहेर मॉड्यूल डॉट प्रॉप ही छोटी फाइल: आयडी, नाव, आवृत्ती, आवृत्तीचा अंक, लेखक, वर्णन. आयडीची सुरुवात अक्षराने हवी, मध्ये जागा नको. ही फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये केली असेल तर ओळींचा शेवट युनिक्स पद्धतीचा आहे ना ते तपासा, नाहीतर मॉड्यूल ओळखलं जात नाही आणि कारण डोळ्यांना दिसत नाही. फॉन्टच्या फाइलीची परवानगी 644 (मालकाला लिहिता-वाचता, बाकीच्यांना फक्त वाचता येईल अशी), मालक रूट, आणि एसई-लिनक्स या सुरक्षा यंत्रणेचं लेबल सिस्टीम फाइलचं. हे लेबल चुकलं तर फाइल जागेवर असूनही अ‍ॅपांना वाचता येत नाही. व्हेंडर किंवा प्रॉडक्ट पार्टिशनमधली फाइल बदलायची असेल तर तीही मॉड्यूलमधल्या 'सिस्टीम' फोल्डराच्या आतच, व्हेंडर किंवा प्रॉडक्ट नावाच्या फोल्डरात ठेवायची. बाहेर ठेवली तर काही होत नाही.

मॉड्यूल लावायच्या आधी चाचणी घ्यायची असेल तर ग्लोबल नेमस्पेसमध्ये त्या एका फाइलीवर हाताने बाइंड माउंट करून बघा. फोन पुन्हा सुरू केला की ते नाहीसं होतं, मागे काही उरत नाही. होस्ट्ससाठी तर तेवढंही नको, मॅजिस्कच्या सेटिंगमध्येच सिस्टीमलेस होस्ट्सचं बटण आहे.

बिघडलं तर परतीची वाट हीसुद्धा माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट. मॉड्यूलमुळे बूटलूप लागला, म्हणजे फोन पूर्ण सुरू न होता पुन्हापुन्हा रीस्टार्ट होत राहिला, तर सेफ मोडमध्ये फोन सुरू करा, मॉड्यूल बंद होतात. किंवा संगणकाला जोडून एडीबीवरून सगळी मॉड्यूल काढायची कमांड द्या. मूळ फाइली जाग्यावरच असतात. थेट लिहिलेल्या फोनचा बूटलूप सुटायला मात्र स्टॉक इमेज हाताशी हवी.

मॉड्यूलचे तोटेही आहेत. डिनायलिस्टमध्ये (मॅजिस्कचे बदल ज्यांना लागू करायचे नाहीत त्या यादीत) घातलेल्या अ‍ॅपांसाठी मॅजिस्क ही माउंट काढून घेतं, म्हणजे बँकेच्या अ‍ॅपमध्ये ल-श पुन्हा जुनेच दिसतात. माझ्या मित्राने ते चालवून घेतलं. काही अ‍ॅप वाढीव माउंटवरूनच रूट ओळखतात. पण म्हणून थेट लिहिलेला फोन बँकेच्या अ‍ॅपला चालेल असं नाही, अनलॉक बूटलोडरची अडचण दोन्हीकडे सारखीच.

कर्नलएसयूचा, म्हणजे मॅजिस्कऐवजी चालणाऱ्या रूटच्या दुसऱ्या साधनाचा, विचार करणाऱ्यांसाठी थोडक्यात. कर्नल 5.10 किंवा त्यापुढचा जीकेआय (गूगलचा सामायिक कर्नल) असेल तर ते सरळ बसतं, रूट कर्नलमध्येच असल्याने लपवणं सोपं जातं. फाइली बसवायला त्यात दीर्घकाळ ओव्हरले एफएस होती, नव्या आवृत्त्यांत हे काम वेगळ्या मेटामॉड्यूलकडे दिलंय. मॉड्यूलची मांडणी जवळपास तीच, त्यामुळे मॅजिस्कवर शिकलेलं वाया जात नाही. लिनिएजसारखी कस्टम रॉम असेल तर डेव्हलपर पर्यायांतलं रूटेड डीबगिंग सुरू करून एडीबीचं रीमाउंट चालतं, आणि तेही गरज पडेल तिथे ओव्हरलेच वापरतं. प्रयोगाला उत्तम, रोजच्या वापराला मी मॉड्यूलच सुचवेन.

थेट लिहाच असं मी कुणाला सांगतो? उद्यमनगरातल्या ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये अँड्रॉइड 7 चा जुना फोन भिंतीवर आहे, ड्रॉइंगच्या पीडीएफ बघायला. अपडेट येणार नाही, ब्लॉक सामायिक नाहीत, त्यावर पैशाचं अ‍ॅप नाही. तिथे रिकव्हरीत सिस्टीम माउंट केली, बूट अ‍ॅनिमेशन टाकलं, परवानगी 644 केली, काम संपलं. अशा फोनवर मॉड्यूलचा संसार कशाला थाटायचा?

अपडेट मिळणारा, ए-बी स्लॉटचा (सिस्टीमसाठी दोन जागा ठेवणारा) फोन असेल तर मॉड्यूल ठेवून पॅच घेण्याचा क्रम असा: मॅजिस्कमध्ये 'रीस्टोअर इमेजेस', मग फोन पुन्हा सुरू न करता सेटिंगमधून अपडेट चढवायचं, ते 'रीस्टार्ट' मागेल तेव्हा दाबायचं नाही, परत मॅजिस्कमध्ये येऊन 'इनअ‍ॅक्टिव्ह स्लॉट'मध्ये इन्स्टॉल, आणि मग मॅजिस्कच्याच बटणाने रीस्टार्ट. त्याआधी चालू बिल्डची मूळ बूट इमेज संगणकावर काढून ठेवा. फोन अँड्रॉइड 13 घेऊनच बाजारात आला असेल तर पॅच करायची इमेज बूट नसून बहुधा इनिट-बूट असते, तेवढं नाव बघून घ्या.