वर्धा रोडवरचं सिनियर लिव्हिंग: खोली नंतर पाहा, आधी तक्रार समितीत कोण आहे ते विचारा

बाबा इथं दोन वर्षांपासून राहून राहिले, नाव मुद्दाम लिहीत नाहीये. जेवण घरच्यासारखं, मे महिन्यात ४५ डिग्रीत पण कूलरला पाणी कमी पडत नाही, रात्री नर्स असते.

पण मागच्या उन्हाळ्यात बाबा दीड महिना आत्याकडे पुण्याला गेले, करारात लिहिलंय की १५ दिवस आधी लेखी कळवलं तर मेसचे अर्धे पैसे वापस, बाबांनी ऑफिसच्या रजिस्टरमध्ये लिहून सही केली होती, तरी बिल पूर्ण आलं. तक्रार दिली. समितीत मॅनेजर, अकाउंटंट आणि मॅनेजरनंच निवडलेले एक आजोबा! ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच निकाल देणार? बाबांना बोलावलं पण नाही, दुसऱ्या दिवशी नुसतं "अर्ज नामंजूर". आणि बाबा म्हणतात, "जाऊ दे न बेटा, रात्री बीपीची गोळी हेच लोक आणून देतात." मला रडूच आलं. पैसे सोडायला म्हातारी माणसं तयार असतात, पण ज्यांच्या हातचं खायचं त्यांच्याशी वाकडं नको, ही भीती असते त्यांना.

मग मी माहिती काढली. महारेराचे (बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) २०२४ चे ज्येष्ठांच्या घरांचे नियम लिफ्ट, रॅम्प, बाथरूमच्या दांड्या अशा बांधकामाचे, मेसच्या बिलाला जिल्हा ग्राहक आयोगच. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावायलाच पाहिजे असं नाही, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दोन्ही बाजू तयार असतील तर मध्यस्थीची सोय आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो.

तिथवर जावं लागलं नाही. अकरा जणांनी मिळून पत्र दिलं आणि मॅनेजमेंटनं ऐकलं, हे मानलं पाहिजे. आता समितीत रहिवाशांनी निवडलेले दोघं आणि बाहेरचे एक रिटायर्ड सर, तक्रारदार आणि मॅनेजमेंट दोघांचे कागद एकमेकांना दाखवतात, निकाल कारणासकट लेखी. बाबांची केस परत घेतली. सरांनी रजिस्टर उघडून बोट ठेवून तारीख दाखवली, बाबांनी ९ च दिवस आधी कळवलं होतं. म्हणून पहिले ६ दिवस पूर्ण पैसे लागले, बाकीच्या दिवसांचे अर्धे वापस. बाबा लगेच म्हणाले, "बरोबर आहे, माझंच चुकलं तेवढं." सहा दिवसांच्या पैशांचं त्यांना काहीच वाटलं नाही, समोर बसवून सांगितलं ना.

४ स्टार. नवीन समिती सध्या फक्त नोटीस बोर्डावर आहे, करारात नाही, मॅनेजर बदलला तर काय? करारात लिहून दिलं की पाचवा स्टार देईन.